पेन्सिलचा काना: एका वाचनालयातलं प्रकरण

हे प्रकरण जुलै २०२४ ते मार्च २०२५ मधलं, नागपुरातल्या नरेंद्र नगरकडच्या एका फ्लॅट स्कीममधलं. दोन्ही मुलांची नावं बदललीयेत, एकाला चिकू म्हणते, दुसरीला रेवा. दोघांच्या घरी विचारूनच लिहितेय, शाळेचं नाव कुठेही येणार नाही.

आधी माझं सांगते. अठरा वर्षं एका शाळेत ग्रंथपाल होते, मग सोडलं. लॉकडाऊन संपला तरी स्कीममधली पोरं मोबाईलमधून मान वर करेनात म्हणून २०२१ मध्ये आमच्या खालच्या मजल्यावरच्या एका खोलीत वाचनालय सुरू केलं. सहाशेच्या वर पुस्तकं झालीत, अर्धीअधिक बर्डीच्या फूटपाथवरून घासाघीस करून आणलेली, बाकी लोकांनी दिलेली, ‘किशोर’चे जुने अंक तर गठ्ठ्यागठ्ठ्याने. मंगळवार, गुरुवार, शनिवार संध्याकाळी पाच ते सात, आणि रविवारी सकाळी मोठ्याने वाचन. फी नाही. एक रजिस्टर आहे, त्यात नाव, पुस्तक, नेल्याची आणि आणल्याची तारीख, आणि शेवटच्या रकान्यात पोरांनी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहायची, कसं वाटलं ते. ह्या रजिस्टरशिवाय मला यातलं काही कळलंच नसतं.

चिकू आणि रेवा तेव्हा चौथीत, एकच शाळा, एकच वर्ग, एकच ऑटो, तो दुसऱ्या मजल्यावर, ती तिसऱ्या. बालवाडीपासूनची जोडी. दोघं एकच पुस्तक न्यायची, आधी एकाने वाचायचं मग दुसऱ्याने, आणि परत करायला येताना जिन्यातच भांडण सुरू असायचं की शेवट बरोबर होता का चूक. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, दोघांचा मिळून एकच नंदी, चिकूच्या आजोबांनी काटोलहून आणलेला, त्याला रेवाच्या आईच्या जुन्या साडीची झूल. बोजारा, म्हणजे बैलाचा खाऊ-पैसे, मागायला दोघं दारोदार जायची आणि मिळालेले पैसे माझ्याच टेबलावर मोजून अर्धे अर्धे करायची.

त्या वर्षी दोघांना एका सिरीजचं वेड लागलं होतं, दहा वर्षांच्या एका मुलीची डायरी, पाच भाग. कव्हर गुलाबी, वर चमकी. आतली मुलगी तशी मुळीच नाही, ती झाडावर चढते, शेजाऱ्यांची हरवलेली बकरी शोधते, घरी खोटं बोलते आणि मग रात्रभर झोपत नाही. पहिले दोन भाग दोघांनी आठ दिवसांत संपवले.

रविवारी काय झालं

जुलैतला दुसरा रविवार. बाहेर धो धो पाऊस, त्यामुळे क्रिकेट खेळणारी पोरंही आत येऊन बसलेली, नेहमीपेक्षा दुप्पट गर्दी. वाचायची पाळी चिकूची होती, त्याने डायरीचा तिसरा भाग उचलला आणि छान वाचत होता, त्याला वाचता येतंच चांगलं. पहिल्या चार-पाच ओळी ‘मी पाहिलं’, ‘मी ठरवलं’, ‘मी दोरी घेतली’ अशा होत्या, काही झालं नाही. मग आलं, ‘मी चिंचेच्या झाडावर चढले.’

मागून एक जण फिसकन हसला. "चढले! अबे, हा चढले म्हणून राहिला!"

आणि मग सगळेच. चिकू थांबला, कान लाल झाले, पुढची ओळ होती ‘मी फांदीवर बसले’, ती त्याने वाचली ‘मी फांदीवर बसलो’. मग ‘घाबरलो’. मग ‘पडलो’. पानभर तसंच वाचलं, एकदाही न चुकता. मी त्याच्या शेजारी बसून होते, माझ्या लक्षात आलं, आणि मी काही बोलले नाही. मला वाटलं पोराने स्वतःच मार्ग काढला, बरं झालं.

यावर नंतर मी खूप विचार केला. इंग्रजीत ‘मी चढले’ आणि ‘मी चढलो’ दोन्ही एकच, वाचणारा मुलगा आहे की मुलगी त्याने काही अडत नाही. आपल्याकडे तसं नाही. मराठी मूल दोन-अडीच वर्षांचं झालं की ‘मी जातो’ का ‘मी जाते’ हे त्याला पदोपदी ठरवावं लागतं, आणि चुकलं की घरचे कौतुकाने हसून सुधारतात, ‘अगं, जाते म्हण!’ म्हणजे मुलीने स्वतः सांगितलेली गोष्ट मुलाने मोठ्याने वाचायची तर दर दोन ओळींना त्याच्या तोंडून बाईमाणसाचं क्रियापद येणार, आणि लहानपणापासून जिथे हसलेलं त्याने ऐकलंय नेमकं तिथेच सगळे हसणार. उलटं बघा, मुली शाळेत पहिलीपासून ‘मी गेलो, मी पळालो’ असले धडे खणखणीत आवाजात वाचतात, आजवर कुणी हसलेलं मी ऐकलं नाही.

रजिस्टरमधल्या नोंदी

त्यानंतर चिकू यायचा पण एकटा. डायनासोर, अंतराळ, रणगाडे अशी पुस्तकं न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत. शेवटच्या रकान्यात नुसतं ‘छान’. ह्या मुलाचे आधीचे शेरे तीन-तीन ओळींचे असायचे, ‘बकरी सापडली तेव्हा मला रडू येत होतं पण जेवायला बोलावलं’ असे, आणि आता छान, छान, छान. रेवा मात्र त्याच काळात नेहमीपेक्षा जास्त पुस्तकं नेत होती, तिसरा भाग तर तिच्या नावावर दोनदा लागोपाठ चढलेला. मी विचारलं तर म्हणाली, "परत वाचायचंय काकू." मला खरं वाटलं.

ऑगस्टच्या शेवटी चिकूची आई ऑफिसला जाता जाता खाली आली, हातात एक पुस्तक. खाकी कव्हर, कडा नीट आत दुमडलेल्या, वर शाळेचं लेबल, त्यावर चिकूच्या अक्षरात नाव, इयत्ता, तुकडी आणि विषय: परिसर अभ्यास भाग १. "दप्तर आवरताना दोन परिसर अभ्यास सापडले ताई, म्हणून उघडून पाहिलं."

आत डायरीचा तिसरा भाग होता. म्हणजे रेवा तिच्या नावावर नेत होती आणि जिन्यात त्याला देत होती.

मी ते घरी नेऊन रात्री चाळलं. आणि मग मला दिसलं की पानापानावर पेन्सिलने काहीतरी केलंय. आधी वाटलं खुणा आहेत. चष्मा लावून पाहिलं तर जिथे जिथे ‘चढले’, ‘गेले’, ‘बसले’ होतं तिथे ‘ले’च्या पुढे एक बारीक उभी रेघ काढलेली. काना. ‘ले’ला काना दिला की ‘लो’ होतो, मात्रा जरा मागे राहते पण वाचता येतं. ‘जाते’चं ‘जातो’, ‘विचार करत होते’चं ‘होतो’. छत्तिसाव्या पानापर्यंत एकही सुटलेला नव्हता, रेघा इतक्या हलक्या की बोट फिरवलं तर पुसल्या जातील. नऊ वर्षांच्या मुलाने एकट्याने बसून हे केलं होतं, म्हणजे कुणी मोठ्याने वाच म्हटलं तर पुन्हा हसू होऊ नये.

मी काय समजले आणि काय केलं

मी समजले की एक हळवा मुलगा आहे, त्याला पोरं चिडवतात, त्याला आधार द्यायचाय. ही माझी पहिली मांडणी, आणि ती अर्धीच होती, पण ते पुढे येईल.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांना बसवून सांगितलं की पुस्तकाला मुलगा-मुलगी नसतं, कुणीही काहीही वाचावं, हसायचं नाही. त्याचा उलटा परिणाम झाला. ज्या दोन-तीन पोरांच्या हे डोक्यातही नव्हतं त्यांनाही कळलं की गुलाबी कव्हर हा काहीतरी विषय आहे. संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये ‘चिकू-चढले’ हे नाव तयार झालं होतं.

बॅरी थॉर्न ह्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि मिशिगनमधल्या प्राथमिक शाळांत बसून मुलांचे खेळ पाहिले आणि १९९३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं एक निरीक्षण मला इथे तंतोतंत दिसलं: मुलगे-मुली एरवी बऱ्यापैकी मिसळून असतात, पण पाहणारे खूप असले, गर्दी असली, चिडवायला माणसं असली की मधली रेघ ठळक होते. गल्लीत, घराजवळ ती पुसट असते, शाळेत गडद. त्या पावसाच्या रविवारी मी माझ्या खोलीत नकळत शाळा भरवली होती.

शाळेत काय चालतं ते रेवाने सांगितलं, तक्रार म्हणून नाही, सहज बोलता बोलता. वर्गात एका बाजूला मुलगे, एका बाजूला मुली. हजेरीपटावर आधी सगळे मुलगे मग मुली. प्रार्थनेला रांगा वेगळ्या. इथपर्यंत आपण सगळेच शिकलोय. पण वर्गात कुणी मुलगा बडबड करत असेल तर शिक्षा काय? ‘उठ, तुला मुलींमध्ये बसवते.’ आणि सगळा वर्ग ओरडतो. चिकूला शाळा सुरू होताच ही शिक्षा झाली होती, रेवाच्याच बाकावर. रेवा म्हणाली, "मी सरकून जागा दिली, तर तो माझ्याकडे पाठ करून बसला."

मी स्वतः शाळेत अठरा वर्षं काढली, ही शिक्षा शंभरदा ऐकली असेल आणि एकदाही माझ्या मनात आलं नाही की त्या बाकावर आधीपासून एक मुलगी बसलेली असते, आणि ती त्या क्षणी शिक्षेचं साहित्य झालेली असते.

रांगांना काही लोक किरकोळ म्हणतील, म्हणून सांगते. लेसी हिलियर्ड आणि लिन लिबेन यांनी २०१० मध्ये अमेरिकेत बालवाडीच्या वर्गांत एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही वर्गांत बाईंनी फक्त दोन आठवडे मुलगे-मुली असं म्हणून हाक मारायची, रांगा वेगळ्या करायच्या, बाकी काही नाही, कुणाला चांगलं-वाईट म्हणायचं नाही. दुसऱ्या वर्गांत हे टाळायचं. दोन आठवड्यांत पहिल्या वर्गांतली तीन ते पाच वर्षांची मुलं दुसऱ्या गटातल्यांशी कमी खेळायला लागली आणि हे मुलांचं काम, हे मुलींचं काम असं जास्त बोलायला लागली. दोन आठवडे! आपल्याकडे दहा-दहा वर्षं चालतं.

आता हेही खरं की मुलं स्वतःहूनच आपापल्या गटात जातात, एलिनॉर मॅकोबी आणि कॅरोल जॅकलिन ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये दाखवलं होतं की साडेचार वर्षांची मुलं आपल्यासारख्यांशी सुमारे तिप्पट वेळ खेळतात आणि साडेसहाला तेच अकरा पटींवर जातं. चिकूचे बाबा मला हेच म्हणाले, आकडे सोडून.

बाबा

बाबांशी बोलणं मी टाळत होते. सप्टेंबरमध्ये तेच आले, गणपतीच्या वर्गणीची पावती द्यायला, आणि दारातच उभे राहून बोलले. "ताई, वाचतो ते चांगलंच आहे. पण जरा पोट्ट्यांत मिसळला पाहिजे ना तो. नाहीतर पुढे पाचवी-सहावीत फार त्रास देतात पोरं." मी म्हटलं, त्रास देणाऱ्यांना आपण काही म्हणायचं का ह्यालाच बदलायचं? ते थोडं थांबले आणि म्हणाले, "मी लहानपणी बहिणीसोबत भातुकली खेळायचो. एकदा वडलांनी सगळ्यांसमोर कानाखाली मारली. चूल मातीची होती, पायाने फोडली. मी तर याला हातही लावला नाही कधी."

मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या हिशेबाने ते त्यांच्या वडलांपेक्षा पुष्कळ पुढे आलेत आणि ते खरंच आहे. मारत नाहीत, पुस्तक फाडत नाहीत, फक्त म्हणतात पोट्ट्यांत मिसळ. त्यांची काळजी खोटी नव्हती, पण त्या काळजीने सप्टेंबरातच एक गोष्ट करून टाकली होती: त्या वर्षीच्या तान्ह्या पोळ्याला चिकू नंदी घेऊन खालच्या पोरांबरोबर गेला आणि रेवा पुठ्ठ्याचा बैल करून एकटी माझ्या दारात आली. झूल तीच, आईच्या साडीची. नंदी त्याच्या घरी होता, झूल हिच्या घरी.

माझा कपाटाचा हिशेब

दुसऱ्याकडे बोट दाखवून झाल्यावर मी रजिस्टर पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि यावेळी पोरांचं नाही, माझं वाचलं. कुठलं पुस्तक मी स्वतः हातात दिलं की मी बारीक टिक करते, सवय आहे. तीन वर्षांत मुलग्यांना मी दिलेल्या पुस्तकांपैकी मुलगी मुख्य असलेलं एकही नव्हतं. एकही. मुलींना मात्र मी फास्टर फेणे भरपूर दिला होता, आणि देताना अभिमानही वाटायचा. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या मुलगे-मुली दोघांना दिला, त्यांचीच चिंगी आहे माझ्याकडे, ती फक्त मुलींना. कपाटात निळ्या पट्टीवर ‘साहस’ आणि गुलाबी पट्टीवर ‘घर आणि मैत्री’, हे लेबल माझ्याच हाताचं. त्या डायरीतली मुलगी चिंचेवरून पडून हात मोडून घेते, तरी मी तिला गुलाबी पट्टीवर ठेवलं होतं.

हे फक्त माझ्या कपाटात नाही. अमेरिकेत विसाव्या शतकातली साडेपाच हजारांवर बालपुस्तकं जेनिस मॅकेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली, २०११ मध्ये निष्कर्ष आले, मुख्य पात्र पुरुष असलेली पुस्तकं ५७ टक्के आणि स्त्री असलेली ३१. प्राण्यांच्या गोष्टींत तर फरक आणखी मोठा. मराठीत तसं मोजायला मी बसले नाही, पण आपल्या प्रत्येकाने ऐकलेली पहिली गोष्ट आठवा. बाहेर पाऊस, काऊ दाराशी, आणि चिऊताई आत बाळाला न्हाऊ घालतेय, अंग पुसतेय, तीट लावतेय. घास भरवता भरवता आपण हे सांगतो, मीही सांगितलंय, मला ही गोष्ट फार आवडते. पण कुठल्याही मुलाला कधी ‘तू चिऊ हो’ म्हटलं नाही.

बरं, नुसतं पुस्तक बदलून भागत नाही हेही मला इथेच कळलं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकातली चित्रं बदलली, बाई आणि पुरुष दोघं मिळून भाजी निवडतायत, बाई डॉक्टर आहे, वाहतूक पोलीस आहे. फार चांगलं केलं. चिकू, रेवा आणि हसणारी सगळी पोरं हेच पुस्तक शिकून वर आलेली. पुस्तकात दोघं शेजारी बसून भाजी निवडतायत आणि वर्गात शेजारी बसणं ही शिक्षा, तर मूल कशावर विश्वास ठेवेल?

खाकी कव्हर आणि रेवा

ऑक्टोबरमध्ये मला एक युक्ती सुचली. चिकूने केलं तेच मी सगळ्या कपाटाला केलं, शंभरेक पुस्तकांना खाकी कव्हर, बाहेर फक्त नंबर आणि पहिली ओळ. कुणाला कळणारच नाही कुठलं गुलाबी. दोन आठवडे उत्तम चाललं, क्रिकेटवाल्या पोरांपैकी दोघांनी डायरीचा पहिला भाग नेला, एकाने शेऱ्यात लिहिलं ‘बकरीवाला भाग एकदम भारी’. मला वाटलं जिंकले.

रेवा आली, कपाटासमोर उभी राहिली, आणि पुस्तक न घेता माझ्या टेबलाशी आली. तिच्याशी झालेलं बोलणं मी त्याच रात्री लिहून ठेवलं होतं.

"काकू, सगळ्यांना कव्हर काहून लावलं?"

म्हटलं, कुणाला लाज वाटू नये म्हणून.

"कशाची लाज?"

मला उत्तर देता येईना. मग तीच म्हणाली, "मी फेणे वाचते तर मला नाही लागत कव्हर." थोड्या वेळाने, "चिकूने तिला मुलगा करून टाकलं, माहीत आहे? पेन्सिलने. मी परत वाचायला घेतलं तेव्हा पाहिलं. ती किती चांगली होती." आणि मग एकदम हळू, टेबलाच्या कडेवर नख घासत, "त्याला तिची लाज वाटते म्हणजे माझीच वाटते ना."

माझी सगळी मांडणी तिथे कोसळली. चार महिने मी हे चिकूचं प्रकरण म्हणून लिहीत होते. वहीवर नाव त्याचं, काळजी त्याची, आईशी बोलणं, बाबांशी बोलणं, सगळं त्याच्याबद्दल. आणि ह्या मुलीने चार महिने स्वतःच्या नावावर त्याची पुस्तकं नेली, जिन्यात गुपचूप दिली, ऑटोत त्याने ओळख दाखवली नाही तर गप्प बसली, पुठ्ठ्याचा बैल केला, आणि तिला काय झालंय हे एकानेही विचारलं नव्हतं. मीही नाही. कारण ती वाचत होती, भरपूर वाचत होती, काहीही वाचत होती, मग तिचा काय प्रॉब्लेम असणार!

आपण म्हणतो मुलींना आता सगळं खुलं आहे, मुली काहीही वाचतात, आणि ती समानता समजतो. मला आता तसं वाटत नाही. मुलगी फेणे वाचते तेव्हा ती वर चढली असं आपण मानतो, ‘एकदम पोट्ट्यासारखी आहे’ हे कौतुक म्हणून सांगतो, आणि मुलगा चिंगी वाचतो तेव्हा तो खाली उतरला असं मानतो. दोन्हीकडे शिडी एकच, आणि मुली खालच्या पायरीवर. हॅरी पॉटर लिहिणाऱ्या रोलिंगबाईंचं पहिलं पुस्तक १९९७ मध्ये आलं तेव्हा प्रकाशकांनी त्यांना जोआन हे नाव न छापता नुसती आद्याक्षरं छापा म्हणून सुचवलं, बाईचं नाव पाहून मुलगे घेणार नाहीत म्हणून. तिथे नावाला कव्हर, इथे पुस्तकाला, आणि कुठलीही मुलगी हे बघून काय शिकेल ते नऊ वर्षांच्या रेवाने मला दोन वाक्यांत सांगितलं.

त्या शनिवारी मी आणि ती दोघींनी बसून सगळी कव्हरं काढली. निळ्या-गुलाबी पट्ट्याही उपटल्या, आता लेखकाच्या आडनावाने लावलंय.

पुढचे महिने

भाषण पुन्हा दिलं नाही. रविवारच्या वाचनाची पद्धत तेवढी बदलली, गोष्ट आधी मी निवडायची आणि पात्रांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याला जी येईल ती त्याने वाचायची. मुलगी ‘मी गेलो’ वाचणार, मुलगा ‘मी गेले’. चिठ्ठीमुळे निवडलं कुणी नाही, आलं ते आलं, त्यामुळे चिडवायला कारण राहत नाही. पहिल्या दोन रविवारी हसू झालंच. तिसऱ्या रविवारी आठवीतला एक मुलगा आला, स्कीमच्या टीमचा फास्ट बॉलर, सगळी पोरं त्याला दादा म्हणतात, त्याला चिठ्ठीत आजी आली. त्याने ‘मी म्हातारी झाले रे बाबा’ असं कमरेत वाकून नाही, साध्या आवाजात, अगदी मनापासून वाचलं, त्याची स्वतःची आजी नुकतीच वारली होती. खोली शांत झाली. त्यानंतर हसणं जवळपास बंद.

एकदा चिकूचे आजोबा येऊन बसले होते. वाचन संपल्यावर त्यांनी नातवाला हाक मारली, "चल रे, तुहा बाप येते आता, जेवाले बसू." त्यांच्या वऱ्हाडीत बापही ‘येते’ आणि मायही ‘येते’. मी पोरांना विचारलं, आजोबा ‘बाप येते’ म्हणाले, हसलात का? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला त्यांना व्याकरण शिकवायचं नव्हतं, फक्त इतकंच दाखवायचं होतं की ज्या एका मात्रेवर ते जुलैत फुटले होते ती त्यांच्या घरात पुरुषांसाठीही रोज बोलली जाते.

वर्गशिक्षिकेला भेटायला दोन्ही आया आणि मी मिळून गेलो, डिसेंबरात. त्या चांगल्या होत्या, पन्नासच्या वर मुलं सांभाळतात, थकलेल्या होत्या. रांगा आणि हजेरीपट माझ्या हातात नाही म्हणाल्या. शिक्षेचं मात्र त्यांना लागलं. "मी असं कधी पाहिलंच नाही, मलाही शाळेत हेच सांगायचे," म्हणाल्या, आणि ती शिक्षा बंद केली, दोन्ही मुलांनी वेगवेगळं सांगितलं म्हणजे खरंच केली. बाक अजून वेगळेच आहेत.

बाबांचं म्हणाल तर मत बदललं असं मी म्हणणार नाही. पण जानेवारीत एकदा ते चिकूचं पुस्तक परत करायला आले, गुलाबी कव्हरचं, हातात तसंच उघडं धरून जिन्याने आले.

चिकू आणि रेवा पूर्वीसारखे झाले का? नाही. ऑटोत अजून तो पुढे बसतो, ती मागे. रेवाला बाजूच्या विंगमधली एक मैत्रीण मिळालीये आणि आता तिची जास्त गट्टी तिच्याशी आहे, ते मला आवडतंही आणि थोडं दुखतंही. चिकूने एकदा सॉरी म्हटल्याचं मला कळलं, ती ‘ठीक आहे’ म्हणाली आणि निघून गेली. नऊ वर्षांच्या मुलांची असली तरी मैत्रीत जे मोडतं ते मोठ्यांनी कव्हर काढल्याने जुळत नाही.

तिसऱ्या भागातले काने मी पुसायला घेतले होते. रेवाने खोडरबर माझ्या हातातून घेतलं आणि म्हणाली, "त्याने काढले ना, तोच पुसेल." मार्चमध्ये चिकू तीन संध्याकाळी माझ्या टेबलाशी बसून एकेक काना पुसत होता, मध्येच थांबून वाचत होता, छत्तिसाव्या पानाच्या पुढे कोरं होतं तिथून सरळ शेवटपर्यंत वाचून काढलं. चौथा भाग स्वतःच्या नावावर नेला. शेरा चार ओळींचा, त्यात एक तक्रारही की बकरी ह्या भागात नाहीच.

पाचवा भाग एकच प्रत आहे. रजिस्टरमध्ये आधी रेवाचं नाव लागलं, खाली चिकूचं. परवा तो विचारत होता, "काकू, तिला सांगा ना लवकर वाच म्हणून." मी म्हटलं तूच सांग, वरच्याच मजल्यावर तर राहते. तो थोडा वेळ उभा राहिला, मग जिन्याने वर गेला. मी कान देऊन होते, बेल वाजली, दार उघडलं, रेवाचा आवाज आला, "मुदत सोमवारपर्यंत आहे." दार बंद झालं नाही, दोघं उंबऱ्यावरच काहीतरी बोलत होते, मला ऐकू आलं नाही.

पुस्तक अजून तिच्याकडेच आहे.